रिव्हॉल्व्हरमधला दुसरा नंबर

एप्रिलमधल्या त्या शनिवारी पाऊस पाडावा की नाही, याचं आभाळाचं काही ठरत नव्हतं. दीक्षाचं मात्र सगळं ठरलेलं होतं. अ‍ॅशबर्नहून तासभर गाडी चालवून ती डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या शूटिंग क्लबवर पोचली, तेव्हा तिच्या बॅगेत नवंकोरं रिव्हॉल्व्हर होतं आणि डोक्यात नवाकोरा आत्मविश्वास. सेफ्टीचा वर्ग पार पडलेला होता. आज पहिली मॅच होती.

"डिव्हिजन?" ताडपत्रीखाली टेबल टाकून बसलेल्या वॉल्टने विचारलं. वॉल्ट म्हणजे क्लबच्या मॅचेस भरवणारा म्हातारा. या खेळात सगळ्यांच्या हातात सारखं हत्यार नसतं, म्हणून सारख्यांची स्पर्धा सारख्यांशी लावतात. पिस्तुलावर नेम धरायला लाल ठिपक्याची काच असेल तर एक डिव्हिजन, नुसतीच साधी माशी असेल तर दुसरी, आणि हौसेने हवं ते सगळं बसवलेल्यांची 'ओपन'. कुठल्या डिव्हिजनमध्ये उतरायचं हे ज्याचं त्याने आधी सांगायचं असतं.

"रिव्हॉल्व्हर," दीक्षा ऐटीत म्हणाली.

वॉल्टचं पेन थांबलं. त्याने चष्म्यावरून आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या खांद्यामागे बघितलं, आणि गालातल्या गालात हसत इंग्रजीत म्हणाला, "प्रफुल, तुला सोबत मिळाली बघ."

"झालं... गेला माझा पहिला नंबर," मागून कुणीतरी चक्क मराठीत पुटपुटलं.

दीक्षा वळली. निळ्या टोपीखाली दोन मिस्कील डोळे, टोपीवर पावसाचे थेंब, आणि हातात तिच्या रिव्हॉल्व्हरचा थोरला भाऊ शोभेल असं एक जुनं रिव्हॉल्व्हर असलेली बॅग.

"तुम्ही मराठी?"

"आधी रिव्हॉल्व्हर, मग मराठी," तो म्हणाला. "प्रफुल्ल. मूळचा अकोल्याचा. दहावीत होतो तेव्हा आई-बाबांबरोबर इकडे अमेरिकेत आलो."

"मी दीक्षा. नागपूर. रिव्हॉल्व्हरमध्ये किती जण आहेत?"

"मी आहे."

"आणि?"

"आणि... मीच आहे." त्याने टोपी जरा मागे सारली. "गेली दोन वर्षं दर महिन्याला पहिला येतो. शेवटचाही मीच येतो, पण ते घरी सांगत नाही."

दीक्षाचा चेहरा खर्रकन उतरला. आता हे तिच्यासारखीच्याच बाबतीत घडू शकतं. डेटा सेंटरमध्ये आकड्यांशी खेळण्यात तिचे दिवस जातात. रिव्हॉल्व्हर घेण्याआधी तिने क्लबचे सगळे जुने निकाल उघडून अभ्यास केला होता. रिव्हॉल्व्हरच्या रकान्यात दर वेळी एकच नाव दिसत होतं, तर हिने काय निष्कर्ष काढावा? की डेटा अर्धवट अपलोड झालाय. पहिल्या नंबरचाच स्कोअर एवढा बेताचा, म्हणजे खालचे तर विचारूच नका, असा हिशेब करून बाईसाहेब रिव्हॉल्व्हर घेऊन मोकळ्या झाल्या. शाळेत एनसीसीमध्ये रायफल चालवली होती, तिचा नेम मैदानभर गाजला होता. पहिल्या तिघांत तर आपण सहज येऊ, असं तिने मनात पक्कं करून टाकलं होतं.

तिने हे सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. प्रफुल्ल आधी गंभीर चेहऱ्याने ऐकत राहिला, मग त्याला राहवलं नाही आणि तो पोट धरून हसला. तिला राग यायला हवा होता. पण ते हसणं इतकं निर्मळ होतं की तिलाही हसू फुटलं.

"पहिल्या तिघांत तुम्ही नक्की आहात," तो म्हणाला. "माझी गॅरंटी."

पाऊस भुरभुरायला लागला तशा सगळ्यांनी पुठ्ठ्याच्या टार्गेटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. दीक्षाची पाळी आली. टायमर घेतलेल्या बाईने मागून विचारलं, "आर यू रेडी?"

"येस! येस, आय अ‍ॅम रेडी," दीक्षा मोठ्याने म्हणाली, आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्या स्क्वॉडला, म्हणजे एकत्र फिरत पाळीपाळीने खेळणाऱ्या तिच्या गटाला, गंमत वाटली.

नंतर गोळ्यांच्या भोकांवर टेप चिकटवताना प्रफुल्ल तिच्या शेजारच्या टार्गेटापाशी आला. "एक सांगू? इथे 'तयार आहे' असं म्हणावं लागत नाही. नाही म्हणायचं असेल तरच तोंड उघडायचं. गप्प राहिलं की तयार समजतात."

"आमच्याकडे उलटं आहे. मी गप्प राहिले की आई समजते, काहीतरी बिनसलंय."

"मग तुमची आई या खेळात पहिल्या फेरीत बाद."

निकाल लागला. रिव्हॉल्व्हरमध्ये पहिला प्रफुल्ल, दुसरी दीक्षा. दोघांत. वॉल्टने दोघांची नावं अशा थाटात वाचली की जणू भलीमोठी यादी संपवली. गाडीकडे जाताना प्रफुल्ल म्हणाला, "पुढच्या महिन्यात याल ना? की पुन्हा डेटा तपासणार?"

"येईन," ती म्हणाली. मग सीटबेल्ट लावता लावता, इकडेतिकडे बघत, "...आणि तू म्हटलंस तरी चालेल."

*

पुढच्या महिन्यात ती आली. त्याच्या पुढच्याही महिन्यात आली. मधल्या शनिवारी सरावाला आली, आणि सराव नसताना गोळ्या भरायच्या चकत्यांबद्दल काहीतरी विचारायचंच होतं म्हणून तिने फोनही केले. रिव्हॉल्व्हरमध्ये सहाच गोळ्या मावतात. त्या एका पातळ चकतीत अडकवून ठेवायच्या आणि धावता धावता एका झटक्यात आत टाकायच्या. प्रफुल्लच्या बोटांना ते इतकं सवयीचं होतं की त्याचं तिकडे लक्षही नसे. दीक्षाच्या चकत्या चिखलात पडत, तो त्या उचलून आपल्या शर्टाला पुसून परत देई, आणि देताना बोटांना बोटं लागत. दोघंही ते लक्षात आलं नाही असं दाखवत. दाखवण्यात दोघंही सारखेच कच्चे होते.

ती डब्यातून पोहे आणायची, थर्मासमधून त्यावर ओतायची झणझणीत तर्री. गाडीची डिकी उघडून त्यात बसून दोघं खायचे. प्रफुल्ल फिजिओथेरपिस्ट होता. लोकांचे आखडलेले खांदे नि दुखरे गुडघे सुरळीत करण्यात त्याचा आठवडा जायचा. "मग हा आवाजाचा खेळ कसा काय आवडला?" तिने एकदा विचारलं.

"दिवसभर लोकांना 'सावकाश, सावकाश' म्हणत असतो," तो तर्रीचा भुरका मारत म्हणाला. "एक दिवस तरी मला कुणी घाई करायला लावायला नको?"

"आणि रिव्हॉल्व्हरच का? एवढं अवघड, एवढं हळू. यात कधी सगळ्यांत वर नाही येता येणार."

त्याने डबा खाली ठेवला. "पहिल्यांदा हातात घेतलं ना, तेव्हा हात म्हणाला, हेच. आकडे बिकडे नाही बघितले गं मी." मग तिच्याकडे तिरकं बघून, "तुझ्यासारखे."

मे महिन्यात बुद्ध जयंतीचा कार्यक्रम होता. कम्युनिटी हॉलमध्ये दीक्षा आईबरोबर गेली, तर खिरीचं भलंमोठं पातेलं एका बाजूने उचलून प्रफुल्ल स्वयंपाकघरातून येत होता. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. तिला बघून त्याने पातेल्यासकट मान झुकवली आणि खीर जराशी हिंदकळली.

आई, म्हणजे सुवर्णाताई, हॉस्पिटलात नर्स. माणसाच्या चेहऱ्याचा रंग बदलला की त्यांना आधी कळतं. दीक्षा सतरा वर्षांची असताना याच नोकरीच्या पायी दोघी ग्रीन कार्डावर इथे आल्या होत्या.

"तो पातेलंवाला कोण गं?"

"तो? रिव्हॉल्व्हर डिव्हिजनमधला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे... त्यात आम्ही दोघंच असतो."

"अस्सं," सुवर्णाताई म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "मग ओपनमध्ये का नाही भरलंस तू?"

"आई, इथला ओपन वेगळा."

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या आणि प्रफुल्लकडून स्वतःच्या वाटीत दोनदा खीर वाढून घेतली. तेवढ्या वेळात त्यांनी त्याचं गाव, आजोळ आणि नोकरीचे तास हे सगळं विचारून घेतलं होतं.

*

आता खरं सांगायला हवं. दीक्षाला रिव्हॉल्व्हर जमत नव्हतं.

नेम तिचा आजही तसाच होता, पण तो चाप... दर गोळीला लांबवर आणि जड ओढावा लागणारा तो चाप तिच्या लहानशा हाताला पेलत नव्हता. जून संपता संपता उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागायला लागला. सकाळी ब्रश धरताना दुखायचं, बरणीचं झाकण फिरवताना दुखायचं. ती लांब बाह्यांचे शर्ट घालायला लागली आणि बाहीखाली पट्टी बांधायला लागली. दुखणं लपवायचं तेही कुणापासून, तर फिजिओथेरपिस्टपासून! प्रेमात पडलेल्या माणसाच्या अकलेबद्दल न बोललेलंच बरं.

हो, प्रेमातच. दीक्षाला ते कळून चुकलं होतं. आणि त्याबरोबर एक भीतीही येऊन बसली होती. त्याच्या-तिच्यात आहे काय, तर ही दोघांची डिव्हिजन. तेवढ्यावर तर सगळं सुरू झालं. ती सोडली तर उरतं काय? पोहे?

जुलैच्या मॅचनंतर सीमा म्हणाली, "हे जरा चालवून बघ." सीमा तिच्याच ऑफिसमधली, क्लबातली जुनी खेळाडू. तिच्या पिस्तुलावर लाल ठिपक्याची काच होती. ती 'कॅरी ऑप्टिक्स' नावाच्या डिव्हिजनमध्ये खेळायची, सगळ्यांत गर्दीच्या.

दीक्षाने पिस्तूल उचललं. काचेत तो ठिपका आला आणि जिथे हवा होता तिथे जाऊन थांबला. चाप हलका, सरळ. बझर वाजला, आणि पुढे काय झालं ते तिला नंतर नीट आठवेना. लोखंडी प्लेटा एकामागून एक टणटण पडत गेल्या, पाय आपोआप पळत होते, आणि ती चक्क हसत होती. शाळेच्या मैदानावर पालथं पडून नेम धरताना जो आनंद व्हायचा, तो इतक्या वर्षांनी पुन्हा झाला.

"बाई," सीमा टायमरकडे बघत म्हणाली, "तू एवढे दिवस काय करत होतीस?"

दीक्षाने मागे बघितलं. प्रफुल्ल कठड्याला टेकून उभा होता. तो हसला, टाळ्याही वाजवल्या त्याने. पण टाळ्या वाजवायच्या आधी क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर जे येऊन गेलं ते तिने नेमकं टिपलं. एकटं पडणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो.

"मजा आली," तिने पिस्तूल परत केलं. "पण मला आपलं रिव्हॉल्व्हरच बरं."

*

सप्टेंबरमध्ये राज्याची मोठी मॅच होती. नाव नोंदवताना डिव्हिजन निवडायची होती, आणि दीक्षा रोज ते पान उघडून रोज बंद करत होती. ऑगस्टच्या एका सरावात चकती आत टाकताना तिचा हात जोरात ठणकला आणि रिव्हॉल्व्हर खाली ठेवून ती पाठमोरी उभी राहिली.

प्रफुल्ल जवळ आला. काही न विचारता त्याने तिची बाही वर केली.

"हे कधीपासून?"

"काय?"

"दीक्षा, मी दिवसभर लोकांचे हात बघतो."

तिने हात सोडवून घेतला नाही. त्याचा अंगठा तिच्या मनगटावर हलकेच फिरला, जिथे दुखत होतं बरोबर तिथे थांबला. एवढ्या दिवसांत तिने या स्पर्शाची कितीतरी स्वप्नं बघितली होती... पण पट्टीसकट नाही.

"रिव्हॉल्व्हर सोड," तो म्हणाला. "सीमासारखं पिस्तूल घे. त्या दिवशी बघितलं ना मी तुला. तू त्या डिव्हिजनची आहेस."

"म्हणजे मी नकोय तुला इथे."

"तुझ्या हाताला हे नकोय."

"मी हाताचं नाही विचारलं."

प्रफुल्लने तिचा हात अलगद सोडला. "मी... माझ्यासाठी नको थांबूस. एवढंच."

झालं. ज्याची भीती होती तेच तिने ऐकलं, आणि तेवढंच ऐकलं. "बरं. मग पहिला नंबर तुलाच लखलाभ," असं म्हणून तिने बॅग भरली. तो मागून दोनदा हाक मारत आला, पण गाडीची काच वर होती.

घरी सुवर्णाताईंनी तिच्या अंगठ्याला नीट पट्टा बांधला आणि मग विचारलं, "त्याने चुकीचं सांगितलं का?"

"नाही. बरोबर सांगितलं."

"मग?"

"त्याचाच तर राग आलाय."

आईने पट्ट्याचं टोक चिकटवलं. "तुझे बाबा होते ना, ते मला आवडेल असं सांगायचे. एकदाही माझ्या भल्याचं सांगितलं नाही. हा मुलगा तुला गमवायची तयारी ठेवून खरं बोलला. बघ बाई, तुझं तू."

दीक्षाने त्या रात्री नोंदणीचं पान उघडलं आणि कॅरी ऑप्टिक्सवर खूण केली. आधी रागाने केली. मग जरा वेळ तिथेच बसून राहिली, ठिपका जागेवर थांबल्याचं आठवलं, आणि राग निघून गेला. आपली डिव्हिजन हीच होती. पहिल्या दिवशी तिने डिव्हिजन आकडे बघून निवडली होती, नंतर माणूस बघून. आपल्या हाताला मात्र तिने आज पहिल्यांदा विचारलं होतं.

फक्त प्रफुल्लला मेसेज काय करावा ते तिला सुचेना. लिहायची, खोडायची. त्याच्याकडूनही काही आलं नाही... आणि सप्टेंबर उजाडला.

*

राज्याच्या मॅचला मैदान माणसांनी फुललं होतं. झाडांची टोकं पिवळी पडू लागली होती. दीक्षा नवं पिस्तूल असलेली बॅग घेऊन आपल्या स्क्वॉडच्या पाटीखाली गेली आणि जागच्या जागी थबकली. निळी टोपी. हातात टेपचा रोल.

"तू... इथे कसा?"

"स्क्वॉडला कुणी डिव्हिजन विचारत नाही," प्रफुल्ल म्हणाला. आवाज नेहमीसारखा मिस्कील ठेवायचा प्रयत्न होता, पण तो जमत नव्हता. "राज्यातले सगळे रिव्हॉल्व्हरवाले पलीकडच्या स्क्वॉडमध्ये आहेत. एवढे आहेत हे मलाही माहीत नव्हतं. ते म्हणाले, ये आमच्यात. मी वॉल्टला सांगून इकडे जागा घेतली."

"का?"

"आधी खेळ. मग सांगतो. आत्ता सांगितलं तर तुझा नेम हलेल."

"माझा नाही हलणार," ती म्हणाली. "तुझा बघ."

दिवसभर ती खेळली. कशी खेळली म्हणून सांगावं! ठिपका थांबत होता, हात दुखत नव्हता, आणि प्रत्येक वेळी पळत जाऊन परत आली की निळी टोपी तिच्या टार्गेटांवर टेप चिकटवत असायची. मधे एकदा तिची गोळी प्लेटेला नुसती घासून गेली, तर मागून हळूच "सावकाश, सावकाश" असं ऐकू आलं आणि तिला हसू आवरेना. त्याची पाळी आली तेव्हा त्याच्या चकत्या तिने सांभाळल्या. खाली पडलेली एक तिने आपल्या शर्टाला पुसून परत दिली.

संध्याकाळी फोनवर निकाल आले. तिचं नाव तिच्या डिव्हिजनमध्ये बरंच खाली होतं, पण त्याच्याही खाली पुष्कळ नावं होती. खऱ्याखुऱ्या माणसांची. ती पुन्हा पुन्हा खाली सरकवून ती नावं वाचत राहिली. प्रफुल्ल रिव्हॉल्व्हरमध्ये पाचवा होता.

"पाचवा," तो म्हणाला. "पहिल्यांदाच पहिला आलो नाही. एवढा आनंद कधी झाला नव्हता."

दोघं तिच्या गाडीपाशी आले. डिकी उघडी, थर्मास आणि पोह्यांचा डबा मधे. ऊन कलत होतं आणि लोक सामान भरून निघत होते.

"त्या दिवशी," प्रफुल्ल म्हणाला, "मला वाटलं तू माझी कीव करून थांबलीयस. बिचारा एकटा पडेल म्हणून. हात दुखवून घेत होतीस माझ्यासाठी... ते मला सहन नाही झालं."

"कीव? आणि मला वाटलं, तुला फक्त दुसरा नंबर हवाय. कुणीही चालेल असा."

"वेडी आहेस."

"तू जास्त."

तो हसला, मग गंभीर झाला. टोपी काढून त्याने हातात घेतली, तिची कड गोल गोल फिरवत राहिला. "मला तू आवडतेस दीक्षा. डिव्हिजन कुठलीही असू दे. ती तुझी तू निवडलीस आणि बरोबर निवडलीस. माझी मी सोडणार नाही, तू सांगितलंस तरी."

"सांगणारच नाही. तुझ्या हातात तेच शोभतं."

"पण स्क्वॉड..." त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "स्क्वॉड एक असू दे. या मॅचपुरता नाही. नेहमीचा. टेप मी चिकटवेन, चकत्या तू सांभाळ. उद्या आईंना येऊन भेटू म्हणतोस— म्हणजे, भेटू म्हणतेस का?"

त्याची एवढी गडबड तिने कधी बघितली नव्हती. चकत्या टाकताना न चुकणारी त्याची बोटं टोपीत अडकली होती. दीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं, गाल हसत होते, आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"दीक्षा?"

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"काहीतरी बोल ना. मी एवढं... हो म्हण, नाही म्हण, विचार करून सांगते म्हण."

ती काहीच बोलली नाही. लांबवर कुणाच्या तरी गाडीचं दार लागलं. प्रफुल्लचा चेहरा पडायला लागला, आणि मग अर्ध्यातच थांबला. त्याचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"थांब," तो म्हणाला. "तू गप्प आहेस."

तिने मानसुद्धा हलवली नाही.

"आर यू रेडी?" त्याने अगदी हळू आवाजात विचारलं.

दीक्षा गप्प राहिली. मग तिने त्याच्या हातातली टोपी घेतली, आपल्या डोक्यावर घातली, आणि थर्मास उघडून तर्री एकाच डब्यातल्या पोह्यांवर दोघांसाठी ओतली.